अवंतिकेतील तीन दिवस: कार्तिक शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा

इंदूरच्या मराठी घरांमध्ये उज्जैनला, म्हणजे प्राचीन अवंतिकेला, जाण्याची एक ठरलेली रीत आहे. सकाळी पोहे खाऊन निघावे, महाकालाचे दर्शन घ्यावे, वेळ उरलाच तर हरसिद्धीला जावे आणि दुपारच्या जेवणाला घरी यावे. अंतर अवघे ५५ किलोमीटर असल्यामुळे तेथे मुक्काम करण्याचा विचार आमच्या मनात कधी आलाच नाही. माझ्या लग्नाला एकतीस वर्षे झाली आणि या काळात मी किमान पन्नास वेळा उज्जैनला गेले असेन, परंतु त्या नगरीत एकही रात्र काढली नव्हती. गेल्या कार्तिकात माझ्या सासूबाईंनी, ज्यांचे वय आता ब्याऐंशी आहे, वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री होणारी हरिहर भेट एकदा डोळ्यांनी पाहायची आहे असे सांगितले. मध्यरात्रीचा सोहळा म्हणजे मुक्काम आलाच. मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे तीन दिवसांसाठी निघालो.

पहिला दिवस: त्रयोदशी

सांवेरच्या मार्गाने जाताना दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून गेलेली काळी शेते दिसत होती, आणि कोठे कोठे हरभऱ्याची पहिली पालवी वर आली होती. उज्जैनला पोहोचल्यावर मात्र पहिलीच अडचण उभी राहिली. आधीपासून ठरवलेल्या एका ठिकाणी आमची खोली दुसऱ्यालाच देऊन टाकण्यात आली होती, आणि पर्वकाळामुळे आसपास कोठेही जागा नव्हती. तासभर हिंडल्यानंतर हरसिद्धीच्या बाजूला एका जुन्या वाड्यात, एका मराठी कुटुंबाकडे, दोन खाटांची खोली मिळाली. त्या घरातील काकूंचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत येथे आले आणि मग येथलेच झाले. त्यांची मराठी आम्हा इंदूरकरांच्या मराठीहूनही अधिक माळवी आहे. "आधी चहा पिऊन घ्या, सामान नंतर जमवा," असे त्या म्हणाल्या आणि सासूबाईंना हाताला धरून आत घेऊन गेल्या. ज्यांना कार्तिकी किंवा श्रावणी सोमवारी उज्जैनला राहायचे असेल, त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खोलीची पुन्हा खात्री करून घ्यावी.

महाकालाच्या दर्शनाला आम्ही दुपारी गेलो. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे लोकार्पण झाल्यापासून मंदिराकडे जाण्याची वाटच बदलून गेली आहे. नऊशे मीटरांहून लांब असलेल्या या मार्गावर १०८ स्तंभ आणि शिवकथांची मोठमोठी शिल्पे आहेत. तरुणांना तेथे चालणे आनंदाचे वाटते, परंतु ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी विद्युत गाडीची चौकशी आधीच करावी. मोबाइल बाहेर जमा करावा लागतो. गर्भगृहात उतरण्यास सर्वसामान्य भाविकांना आम्ही गेलो तेव्हा बंदी होती, त्यामुळे दर्शन गणेश मंडपातून झाले. दोन क्षणच उभे राहता आले, तरी सासूबाईंच्या ओठांवरचे स्तोत्र तेवढ्यात पूर्ण झाले.

येथील लिंग दक्षिणाभिमुख आहे. दक्षिण ही यमाची दिशा, आणि तिच्याकडे तोंड करून बसलेला हा देव काळाचाही काळ मानला जातो. मंदिर तीन मजली आहे: जमिनीच्या पातळीखाली महाकालेश्वर, वर ओंकारेश्वर आणि सर्वांत वर नागचंद्रेश्वर, ज्याचे दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला, उघडते. १२३५ च्या सुमारास इल्तुत्मिशच्या स्वारीत जुने मंदिर पाडले गेले, आणि त्यानंतर सुमारे पाच शतकांनी, मराठ्यांचा अंमल माळव्यात बसल्यावर, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी ते पुन्हा उभे केले. मी हे इतिहासाच्या पुस्तकात वाचले होते. पण रांगेत उभी असताना माझ्या मनात वेगळाच हिशेब चालू होता. पाच शतके म्हणजे किमान वीस पिढ्या. या वीस पिढ्यांनी देवळावाचून महाकालाचे नाव जपले, म्हणून एकविसाव्या पिढीला कोठे बांधायचे हे ठाऊक होते.

सायंकाळी हरसिद्धीच्या अंगणात बसलो. सतीचे कोपर येथे पडले अशी श्रद्धा असून हे शक्तिपीठ मानले जाते, आणि लोककथांतील विक्रमादित्याची ही आराध्य देवता आहे. अंगणातील दोन दीपमाळा सुमारे ५१ फूट उंच आहेत आणि दोन्ही मिळून १,०११ दिवे लागतात. जेजुरीच्या पायऱ्यांवरील दीपमाळा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या कोणाच्या हातच्या हे सांगावे लागत नाही. दिवे लावणारी मंडळी अनवाणी, दगडी हातांवर पाय ठेवत, वरपर्यंत चढतात. एका तरुणाच्या कमरेला तेलाचा डबा बांधलेला होता. तो एका हाताने खांबाला बिलगून दुसऱ्या हाताने तेलात भिजलेली वात दिव्यात बसवत होता, आणि खाली उभे असलेले त्याचे वडील नजर न हलवता त्याच्या पायांकडे पाहत होते. थोड्याच वेळात दोन्ही स्तंभ खालपासून वरपर्यंत पेटले, आणि अंगणातील सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे झाले. दीपमाळ प्रज्वलित करण्याचा मान घ्यायचा असेल तर मंदिरात आधी नाव नोंदवावे लागते.

रात्री काकूंनी गराडू तळले होते. थंडी पडू लागली की माळव्यात हा कंद बाजारात येतो. एकदा तळून, तुकडे करून, पुन्हा कुरकुरीत तळायचा आणि वरून जिरावण हा माळवी मसाला व लिंबू घालायचे. दुसऱ्या दिवशी उपवास असल्यामुळे सासूबाईंनी थोडे जास्तच खाल्ले.

दुसरा दिवस: वैकुंठ चतुर्दशी

सकाळ मोकळी होती, म्हणून वेधशाळेत गेलो. उज्जैनच्या धार्मिक महत्त्वाविषयी बोलताना लोक वेधशाळा वगळतात, आणि ते मला पटत नाही. ज्या नगरीचा देव काळाचा अधिपती आहे, त्याच नगरीतून प्राचीन भारतीय ज्योतिषी काळ मोजत असत. लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा ही त्यांची मध्यरेषा होती आणि पंचांगाचे गणित तिच्यापासून सुरू होत असे. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना त्यांनी अठराव्या शतकात येथे ही यंत्रे बांधली. दिल्ली, जयपूर, काशी आणि मथुरा येथेही त्यांनी वेधशाळा उभारल्या, त्यांपैकी मथुरेची आता शिल्लक नाही. उज्जैनची मोडकळीस आली होती, तिचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी करवला.

सम्राट यंत्राचा जिना उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे २३ अंशांहून किंचित अधिक, कललेला आहे, त्यामुळे त्याची कड थेट ध्रुवाकडे जाते. सकाळची वेळ असल्याने जिन्याची सावली पश्चिमेकडील वर्तुळखंडावर पडली होती. माझ्या यजमानांचे घड्याळ दहा वाजून पन्नास मिनिटे दाखवत होते आणि सावलीची कड दहा वाजून एकोणचाळीस मिनिटांजवळ होती. अकरा मिनिटांचा हा फरक चुकीचा नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आणि उज्जैन त्याच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे येथील सूर्य घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे असतो. परंतु कार्तिकात सूर्य सरासरीपेक्षा सुमारे १६ मिनिटे पुढे धावतो. सत्तावीस वजा सोळा, बाकी अकरा. यजमानांनी हे समजावले तेव्हा सासूबाई सावलीच्या कडेजवळ बोट ठेवून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी आम्हाला बोलावले. सावली त्यांच्या नखावर चढली होती. "हा चालताना दिसतो की," एवढेच त्या म्हणाल्या, आणि 'हा' म्हणजे सूर्य की महाकाल हे मी विचारले नाही.

वेधशाळेत जाणाऱ्यांनी स्वच्छ उन्हाचा दिवस निवडावा, अन्यथा तेथे केवळ चुन्याच्या भिंती दिसतात. सोबत दोन चार मुले असतील तर तासभर कसा जातो हे कळत नाही.

दुपारी उपवासाचा फराळ म्हणून बाजारात साबुदाण्याची खिचडी घेतली. ती आपल्या घरच्या खिचडीहून वेगळी असते. भिजवलेला साबुदाणा वाफेवर शिजवून मोकळा ठेवलेला असतो, आणि गिऱ्हाईक आले की द्रोणात घालून त्यात मसाला, लिंबू, कोथिंबीर आणि फराळी चिवडा कालवून देतात. सासूबाईंनी चिवड्याशिवाय मागितली. दुकानदाराने त्या उपवास किती कडक करतात याची चौकशी केली, शेंगदाणे चालतील ना असे विचारले आणि द्रोण वेगळ्या चमच्याने भरला.

आता हरिहर भेटीविषयी. आषाढी एकादशीला विष्णू निद्रिस्त होतात आणि चातुर्मासात सृष्टीचा भार शिवाकडे असतो. कार्तिकी एकादशीनंतर, वैकुंठ चतुर्दशीला, महाकाल स्वतः गोपाल मंदिरात जातात आणि तो भार विष्णूंकडे परत सोपवतात, अशी येथील श्रद्धा आहे. रात्री अकराच्या सुमारास महाकालाची पालखी मंदिरातून निघते, गुदरी चौकातून आणि पटनी बाजारातून गोपाल मंदिराकडे येते. पालखीच्या मागे जाण्यात फार रेटारेटी असते. वृद्ध माणसे बरोबर असतील तर दहाच्या आत गोपाल मंदिरात जाऊन बसावे आणि अंगावर शाल घ्यावी, कारण संगमरवरी फरशी मध्यरात्री अतिशय थंड होते.

आम्ही तसेच केले. दाराशी माळी बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्या टोपल्यांत तुळशीच्या आणि बेलाच्या माळा शेजारी शेजारी होत्या. मी सवयीने गोपालासाठी तुळशीची माळ मागितली. "आज उलटा है, माताजी," ती बाई म्हणाली, "तुलसी बाबा को, बिल्वपत्र गोपालजी को." त्या नगरीत 'बाबा' म्हणजे महाकाल, हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्षभर शंकराला बेल आणि विष्णूला तुळस, ही आपली शिस्त. या एका रात्री दोघे एकमेकांची माळ गळ्यात घालतात.

हे मंदिर बायजाबाई शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधवले. त्या कागलच्या घाटग्यांची लेक आणि दौलतराव शिंद्यांची पत्नी. शिंद्यांची राजधानी १८१० मध्येच उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली होती. सत्तेचे ठाणे हलल्यानंतरही त्यांनी भर बाजारात एवढे मोठे देऊळ उभे करावे, यावरून या क्षेत्राशी त्यांचे नाते दरबारापुरते नव्हते हे उघड आहे. गाभाऱ्याची चांदीची दारे सोमनाथची असून गझनी आणि लाहोर असा प्रवास करून महादजींमुळे येथे पोहोचली, अशी कथा तेथे प्रत्येक जण सांगतो.

वाट पाहताना शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. ते लहानपणापासून श्रावणातील महाकालाच्या सवाऱ्यांना, म्हणजे सोमवारी निघणाऱ्या पालखीच्या मिरवणुकांना, जात आले आहेत. माळव्यातील पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्या मराठी पंचांगात अमावास्येला, त्यामुळे येथील श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. महाकालाची सवारी मात्र येथल्या श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि आपला श्रावण संपेपर्यंत, म्हणजे येथल्या भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंत, चालू राहते. शिंद्यांच्या काळापासून दोन्ही श्रावण पाळले जातात, असे त्यांनी सांगितले. घरात दर वर्षी "आपला श्रावण की त्यांचा श्रावण" असा प्रश्न विचारत मोठ्या झालेल्या आम्हा माळव्यातील मराठी माणसांना याचा किती आनंद व्हावा, हे बाहेरच्या वाचकाला कदाचित समजणार नाही. वैकुंठ चतुर्दशी शुक्ल पक्षात येते, म्हणून या तिथीला दोन्ही पंचांगांत एकच महिना असतो, हेही त्यांनीच लक्षात आणून दिले.

बाराच्या सुमारास डमरू आणि झांजांचा आवाज जवळ आला आणि पालखी आत आली. दोन्ही देवांना समोरासमोर बसवून पूजा सुरू झाली. बेलाची माळ गोपालाच्या गळ्यात पडली आणि तुळशीची महाकालाला अर्पण झाली, तेव्हा गर्दीतून जो जयघोष उठला त्यात शैव कोण आणि वैष्णव कोण हे ओळखणे अशक्य होते. सासूबाई उभ्या राहू शकत नव्हत्या. पुढे उभ्या असलेल्या दोन तरुणांनी न सांगता बाजूला होऊन त्यांच्यासाठी फट ठेवली, आणि बसल्या जागेवरून त्यांना पूर्ण सोहळा दिसला. पंढरीच्या विठ्ठलाने शिवाला मस्तकी धरले आहे, असे त्या नेहमी सांगतात. परतताना रस्ताभर त्यांनी काहीही सांगितले नाही.

कालिदासाच्या यक्षाने मेघाला उत्तरेकडे जाताना वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी चुकवू नकोस, आणि महाकालाजवळ सूर्यास्तापर्यंत थांब, असे विनवले होते. आमची वाट तर सरळ होती, तरीही थांबायला मला एकतीस वर्षे लागली.

तिसरा दिवस: पौर्णिमा

उशिरा झोपूनही काकूंच्या घरात पहाटे सगळे जागे होते. क्षिप्रेच्या रामघाटावर कार्तिक स्नानाची गर्दी होती. सासूबाईंनी पाय बुडवून अर्घ्य दिले आणि तांब्यात पाणी भरून घेतले. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत असताना, सिंहस्थ याच घाटांवर भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला आणि पुढचा २०२८ मध्ये आहे.

तेथून सिद्धवटाला गेलो. हा वट पार्वतीने लावला अशी श्रद्धा असून स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात या क्षेत्राचे माहात्म्य येते. वटाच्या मुळाशी दूध वाहतात आणि पितरांचे श्राद्ध करतात. पुरोहितांच्या ओट्यांवर लाल कापडात गुंडाळलेल्या लांबट वह्या होत्या. माझ्या यजमानांनी आडनाव आणि मूळ गाव सांगितले, तेव्हा आम्हाला तिसऱ्या ओट्यावर पाठवण्यात आले. तेथील गुरुजींनी अर्धा तास पाने उलटली आणि एका पानावर अंगठा ठेवून ते म्हणाले, "यह आपकी पुरानी मराठी लिपि है, हमसे नहीं पढ़ी जाती."

ती मोडी होती. मी दोन वर्षांपूर्वी मोडीचे प्राथमिक शिक्षण घेतले आहे, पण छापील पाठ वाचणे आणि बोरूने भरभर लिहिलेला मजकूर वाचणे यांत फार अंतर आहे. आधी ओळभर रेघ ओढलेली होती आणि तिला अक्षरे एकमेकांत गुंतून लोंबत होती. शाई तपकिरी झाली होती. प्रथम 'रा. इंदूर' लागले, मग 'शके १८५१ मार्गशीर्ष', म्हणजे १९२९ साल. 'मातोश्री' हा शब्द मी दोनदा चुकवला. सगळे जुळल्यावर अर्थ निघाला तो असा, की माझ्या यजमानांचे पणजोबा आपल्या आईच्या अस्थी घेऊन येथे आले होते. खाली मुलगे, पुतणे, नातू अशी सात नावे होती. ज्यांच्या अस्थी आणल्या, त्या आईचे नाव कोठेही नव्हते.

गुरुजींनी नवी नोंद करण्यासाठी पेन पुढे केले. यजमानांनी देवनागरीत आमची नावे लिहिली. सासूबाईंनी पेन मागून घेतले, वही मांडीवर ओढली आणि थरथरत्या हाताने, वळणदार अक्षरांत, स्वतःचे नाव लिहिले. मग माझ्याकडे पेन दिले. गुरुजी क्षणभर पाहत राहिले आणि त्यांनी शाई वाळावी म्हणून पानावर फुंकर घातली. ज्यांना आपल्या घराण्याची नोंद शोधायची असेल, त्यांनी मूळ गावाचे जुने नाव, आडनावात झालेला बदल आणि निदान आजोबा-पणजोबांची नावे लिहून न्यावीत.

जवळच कालभैरवाचे दर्शन झाले. तेथे मद्याचा नैवेद्य असतो, आणि रांग इतकी होती की आम्ही कळसाला नमस्कार केला. भैरवगढच्या छिपांकडून, म्हणजे कापडावर छपाई करणाऱ्या कारागिरांकडून, सासूबाईंनी काकूंसाठी एक छापील चादर घेतली.

परतीच्या वाटेवर इंदूर मार्गावरील त्रिवेणी घाटावर थांबलो. येथे कान्ह नदी क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा स्वतः इंदूर जिल्ह्यातील उज्जैनी गावाजवळ उगम पावते, आणि तिचा प्रवाह आटल्यामुळे २०१४ पासून तिच्यात नर्मदेचे पाणी सोडले जाते. एका बाजूने ते पाणी आणि दुसऱ्या बाजूने आमच्या शहराचे सांडपाणी, हे दृश्य मी यापूर्वी कधी गाडीतून उतरून पाहिले नव्हते. स्वच्छतेसाठी आमच्या शहराला देशात पहिला क्रमांक मिळतो तेव्हा आम्ही पेढे वाटतो. त्या दिवशी घाटावर उभे राहून मला मान वर करता आली नाही. पाण्याचा रंग राखाडी होता आणि काठावर फेस साचला होता. तरीही चार पायऱ्या खाली एक बाई पौर्णिमेचे स्नान करत होती.

"हे पाणी आपल्या कृष्णपुऱ्याच्या पुलाखालून आलं ना?" सासूबाईंनी विचारले.

मी हो म्हणाले. त्यांनी रामघाटावर भरलेला तांब्या पिशवीतून काढला, त्याचे झाकण नीट घट्ट केले आणि तो पुन्हा मांडीवर, दोन्ही हातांत धरून, त्या गाडीत बसल्या.